काका बॅप्टिस्टा : एका बॅरिस्टरचे स्मरण



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'काका बॅप्टिस्टा' हे नाव सांगितले. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "भाऊ, हे कोण? मिशनरी होते काय?" त्यांना दोष देत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मलाही हे नाव ठाऊक नव्हते. कामगार संघटनेच्या बैठकीसाठी मुंबईला गेलो होतो. बैठक लवकर आटोपली आणि गाडीला वेळ होता. माझगावच्या डोंगरावर एक बाग आहे, तेथून गोदी दिसते, असे सोबतच्या माणसाने सांगितले म्हणून गेलो. बागेच्या फाटकावर नाव होते, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. त्या टेकडीला भंडारवाडा म्हणतात हे कळल्यावर भंडाऱ्याच्या माणसाला गंमत वाटली, एवढेच. पण नाव डोक्यात राहिले. पुढे वाचनालयात एका जुन्या पुस्तकात तेच नाव पुन्हा भेटले : अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक. ज्या चळवळीत मी जन्म घालवला तिच्या पायाच्या दगडावरचे नाव मला बागेच्या फाटकावर वाचावे लागले, याची मला लाज वाटली. आजचे व्याख्यान हे त्या लाजेचे थोडे प्रायश्चित्त समजा.

माझे शिक्षण आपणांस ठाऊक आहे. आठवीनंतर शाळा सुटली. आई बिड्या वळी, मीही तिच्याजवळ बसून पाने कापली. तेव्हा पंडिताची भाषा माझ्याकडून अपेक्षू नका. जे वाचले, तपासले आणि पटले तेवढेच सांगतो.

जोसेफ बॅप्टिस्टांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. पाखाडी म्हणजे वाडी, छोटी वस्ती. त्यांचे वडील भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. हे घराणे ज्या समाजातले त्याला ईस्ट इंडियन समाज म्हणतात. त्या समाजाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडणार नाही.

सोळाव्या शतकात वसई, साष्टी, मुंबई हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. तेथील कोळी, भंडारी, शेतकरी, कारागीर अशा अनेक घराण्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पुढे इंग्रज आले. राज्ये बदलली, पण ही माणसे आपल्या गावठाणातच राहिली. त्यांची नावे पोर्तुगीज, प्रार्थना चर्चमधली. परंतु घरात बोलायची ती मराठी. तिच्यात पोर्तुगीज शब्दांची मिसळ, तरी मराठीच. पुढे गोव्याहून आणि मंगळुराहून आलेले ख्रिस्ती लोक मुंबईत वाढले. सरकारी नोकऱ्यांसाठी चढाओढ सुरू झाली. तेव्हा आपण येथले मूळचे आणि कंपनी सरकारचे जुने चाकर हे ठसविण्यासाठी या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि १८८७ साली, राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली.

आता यातली अडचण ध्यानात घ्या. समाज लहान. त्याचे नावच ईस्ट इंडिया कंपनीवरून आलेले. राज्यकर्ते धर्माने ख्रिस्ती. अशा समाजातला शिकलेला मुलगा कोणत्या बाजूला झुकेल? सरकारशी गोड राहावे, चार नोकऱ्या आपल्या लोकांना मिळवून द्याव्यात, चर्चच्या सणाला पहिल्या रांगेत बसावे, ही वाट सरळ होती. तिच्यात वाईट असेही काही नाही. लहान समाजाला जपून राहावे लागते. बॅप्टिस्टांनी मात्र दुसरी वाट धरली आणि ती धरताना आपला धर्म सोडला नाही, आपल्या माणसांनाही सोडले नाही. मला या माणसाचे मोठेपण येथे दिसते.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे सुरुवातीचे शिक्षण झाले. ती शाळा १८६४ सालचीच, म्हणजे दोघांचे वय एक. पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. मग विलायतेस जाऊन केंब्रिजला पदवी घेतली आणि बॅरिस्टर झाले. परत आल्यावर १९०१ साली मुंबई महापालिकेत गेले आणि सुमारे सतरा वर्षे तेथे काम केले. महापालिकेचे काम म्हणजे पाणी, गटारे, चाळी, साथीचे रोग. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरलेली होती. शहराच्या कोणत्या वस्तीत माणसे कशी राहतात हे ज्याने तेथे बसून पाहिले, त्याला कामगाराचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नसेल.

लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जडला आणि तो टिळकांच्या मृत्यूपर्यंत टिकला. बॅप्टिस्टा टिळकांच्या विश्वासातले कायदेपंडित झाले. १९०८ साली टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. टिळक मंडालेहून १९१४ साली सुटले. देशात सामसूम होती. पुन्हा चळवळ उभी करायची तर कोणत्या नावाने? आयर्लंडमध्ये होमरूलची मागणी चालू होती. होमरूल म्हणजे घरचा कारभार घरच्यांनी पाहणे. हा शब्द इंग्रजांच्याच पार्लमेंटात वापरला जात होता. तो उच्चारला म्हणून कोणाला राजद्रोही ठरविणे सोपे नव्हते. वकिलाची बुद्धी येथे कामी आली. डिसेंबर १९१५ मध्ये पुण्यास राष्ट्रीय पक्षाची बैठक बॅप्टिस्टांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे इंडियन होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतःकडे एकही पद घेतले नाही. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर, सप्टेंबरात, निघाली.

या लीगच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र आणि कर्नाटकाबरोबर मध्यप्रांत व वऱ्हाड होता, म्हणजे त्या वेळचा आपला भंडारा जिल्हाही त्यात आला. तेव्हा ज्या लीगने आमच्या आजोबा-पणजोबांच्या गावी स्वराज्य हा शब्द पोचविला, तिचा अध्यक्ष एक कॅथलिक बॅरिस्टर होता. टिळकांवर ते एका धर्माचे, एका जातीचे पुढारी असल्याचा आरोप होत असे. त्याला हे एक चालते-बोलते उत्तर होते, असे मला वाटते. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' या घोषणेची मूळ कल्पना बॅप्टिस्टांची असेही सांगतात. ते खरे असो वा नसो, घोषणेतला 'हक्क' हा शब्द मला फार बोलका वाटतो. दान किंवा कृपा मागणाऱ्याची ही भाषा नव्हे.

याच वर्षी एक खटला झाला तो समजून घेण्यासारखा आहे. बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांबद्दल, नेमक्या साठाव्या वाढदिवशी, २३ जुलै १९१६ रोजी, टिळकांवर नोटीस बजावण्यात आली : वर्षभर चांगल्या वर्तनाची हमी द्या, मोठ्या रकमेचे जामीन द्या. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने हुकूम केला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. टिळकांच्या बाजूने मोहम्मद अली जिना उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर बॅप्टिस्टा होते. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती वकील लोकमान्यांसाठी न्यायालयात उभे आहेत, हे चित्र आजच्या काळात मुलांना मुद्दाम सांगावे. मुद्दा असा होता की, नोकरशाहीवर टीका करणे म्हणजे राजाविषयी द्वेष पसरविणे काय? आणि भाषणातले एखादे वाक्य उचलायचे, की सबंध भाषण वाचायचे? न्यायालयाने भाषणे समग्र वाचली आणि नोव्हेंबरात हुकूम रद्द केला. त्यामुळे होमरूलची मागणी उघडपणे करता येते हे सिद्ध झाले, आणि खेड्यापाड्यांत लीगची माणसे निर्भयपणे बोलू लागली. एका निकालाने हजारो लोकांच्या जिभेवरचे कुलूप निघते ते असे. १९१७ साली लीगचे म्हणणे मांडण्यासाठी बॅप्टिस्टा विलायतेस गेले. तेथील मजूर पक्षाशी संबंध जोडणे हे त्या प्रवासातले मोठे काम होते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळतो. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली. तिच्या परिषदेत प्रत्येक देशाने सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी पाठवायचे. कामगारांचा प्रतिनिधी त्या देशातील प्रमुख कामगार संघटनांच्या संमतीने निवडायचा, असा नियम. आपल्या देशात संघटना होत्या, पण विखुरलेल्या. सर्वांची मिळून एक संस्था नव्हती. मग सरकारच आपल्या मनाने माणूस नेमी. ही त्रुटी भरून काढण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपतराय. स्वागताध्यक्ष बॅप्टिस्टा. साठांवर संघटना आल्या. लोकमान्य तीनच महिन्यांपूर्वी, १ ऑगस्टला, याच शहरात वारले होते. १९२१ च्या अखेरीस दुसरे अधिवेशन कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरियाला, भरले, त्याचे अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे आले. आणि १९२४ साली जिनिव्हाच्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले. जाता जाता सांगतो, १९२५ च्या अधिवेशनाचे अध्यक्ष द. रा. ठेंगडी हे आपल्या नागपूरचे.

बॅप्टिस्टांचा कामगारविषयक विचार काय होता? मजूर हा श्रम विकणारा आणि मालक तो विकत घेणारा, ही बाजाराची भाषा त्यांना मान्य नव्हती. दोघे एका कामातले भागीदार आहेत, असे ते सांगत. या विचारामागे त्यांच्या चर्चची शिकवण होती की इंग्लंडच्या मजूर चळवळीची, हे मी ठरवू शकत नाही. परंतु १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर एक परिपत्रक काढले होते. मजुराला कुटुंब पोसता येईल एवढे वेतन मिळाले पाहिजे आणि संघटना करण्याचा त्याला अधिकार आहे, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाला कामगारांच्या सभेत उभे राहण्यासाठी गुडघे टेकलेली जागा सोडून यावे लागत नव्हते, एवढे त्यावरून खास म्हणता येते.

भागीदारीचा हा विचार ऐकायला गोड आहे. मला तो पुरता पटत नाही. भागीदाराला वहीखाते पाहता आले पाहिजे. आमच्या आईला 'घरातलीच बाई' म्हणणारा सट्टेदार हजारातल्या शंभर बिड्या छाट म्हणून काढून घेई, त्या बिड्या मात्र तो फेकून देत नसे. अशी ही भागीदारी! बॅप्टिस्टांनाही याचा अनुभव लवकरच आला.

युद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी काही वर्षे वर्षाअखेर बोनस दिला होता. १९२३ सालचा बोनस त्यांनी नाकारला. जानेवारी १९२४ मध्ये संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार, सुमारे दोन महिने, घरात दाणा नाही. संपकऱ्यांना साहाय्य करणाऱ्या समितीचे नेतृत्व बॅप्टिस्टांकडे होते. सरकारने मुख्य न्यायमूर्ती मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. प्रश्न असा : बोनस ही मालकाची बक्षिसी, की कामगाराचा हक्क? समितीने सांगितले की रिवाजाने, कायद्याने वा न्यायबुद्धीने असा हक्क निर्माण होत नाही. मार्चअखेर संप मोडला. भागीदाराला नफ्यात वाटा नाही, हे समितीने कागदावर लिहून दिले.

मग काय, सर्व फुकट गेले? नाही. जो प्रश्न न्यायासनापुढे एकदा नीट मांडला गेला तो पुन्हापुन्हा परत येतो. १९५० साली कामगारांच्या अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच प्रकरणात बोनसचे सूत्र घालून दिले : आवश्यक वजावटी झाल्यावर उरलेल्या शिलकेवर कामगारांचाही दावा आहे. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. १९२४ मध्ये उपाशी राहिलेल्या किती माणसांनी तो दिवस पाहिला असेल?

तेव्हाच्या संघटनांची अवस्थाही समजून घ्या. १९२०-२१ मध्ये मद्रासच्या एका गिरणीने संघटनेचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. कामगारांना संपाचा सल्ला देणे म्हणजे त्यांना करार मोडायला लावणे, असे धरले गेले. संघटनेला कायद्याचे छत्र मिळाले ते १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने. आज तो कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावून घेतला आहे. त्या संहितेवर आपले बरेच आक्षेप आहेत, पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. छत्र नसताना जे वकील आमच्या लोकांसाठी उभे राहिले, त्यांनी स्वतःची वकिली आणि प्रतिष्ठा धोक्यात घातली होती, हे विसरता येत नाही.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण तरुणपणी माझा वकिलांवर विश्वास नव्हता. काळा कोट दिसला की आपले पैसे गेले, अशी आमची समजूत. एका बिडी कारखान्याविरुद्ध आम्ही काही बायांचा प्रॉव्हिडंट फंडाचा दावा घेतला होता. मी म्हणालो, मोर्चा काढू, वकील नको. मोर्चा मोठा निघाला. पण बायांची नावे हजेरीच्या वहीत नव्हती, सट्टेदाराच्या चिठ्ठ्या आम्ही जपून ठेवल्या नव्हत्या, आणि अर्जाची मुदत गेली. दावा बुडाला. त्यातल्या तिघी आता हयात नाहीत. ती चूक माझी होती. पुढे एका वयस्क वकिलांनी मला समजावले की, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या बिडी कामगारांच्या प्रकरणात नगावर मजुरी घेणारा आणि वेळ आपल्या सोयीने ठरविणारा माणूसही कारखान्याचा कामगारच होय, असा निकाल दिला. लगेच दुसऱ्या एका प्रकरणात निकाल उलट गेला. ही ओढाताण संपविण्यासाठी १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा आला. घरी बसून वळणारी बाईही त्यात कामगार ठरली. मालक पुन्हा न्यायालयात गेले आणि १९७४ साली हरले. आपल्या जिल्ह्यातल्या घरोघरी जी सुपे घेऊन बाया बसतात त्यांच्या ओळखपत्रामागे एवढा इतिहास आहे. मोर्चा लागतोच. पण मोर्च्याने उघडलेले दार उघडे ठेवायला कागद लागतो, आणि कागद वाचणारा आपला माणूस लागतो.

पुन्हा बॅप्टिस्टांकडे येतो. १९२५-२६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज त्यांना महापौर म्हणतात. त्या वेळी त्या पदाला अध्यक्षच म्हणत, महापौर हे नाव १९३१ पासूनचे. माथारपाखाडीचा मुलगा शहराच्या पहिल्या खुर्चीत बसला. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते वारले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

एवढा माणूस विसरला का गेला? माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे. टिळकांनंतर काँग्रेसची सूत्रे गांधीजींकडे गेली. कायद्याच्या चौकटीत लढणाऱ्या बॅप्टिस्टांना असहकार आणि खिलाफतीचा मार्ग मानवला नाही. १९२० च्या आरंभी नव्या पक्षाचे इंग्रजी पत्र चालवावे म्हणून त्यांनी अरविंद घोषांना पाँडिचेरीस लिहिले होते; अरविंदांनी नकार कळविला. कामगार चळवळ १९२८ नंतर गिरणी कामगार युनियनच्या लाल बावट्याखाली गेली. त्यांच्या दृष्टीने हा जुन्या वळणाचा, तडजोड करणारा बॅरिस्टर. म्हणजे काँग्रेसवाल्यांना तो आपला वाटला नाही आणि डाव्यांनाही नाही. मी स्वतः डाव्या संघटनेत वाढलो, म्हणून हे बोलताना आमच्याकडेही बोट दाखवतो. ज्याने पहिली पायरी बांधली त्याला, तो दुसऱ्या पायरीवर चढला नाही म्हणून, आम्ही नाकारले. त्यांच्या मर्यादा होत्या, त्या सांगाव्यात. पण आधी ऋण सांगावे, मग मर्यादा.

त्यांच्या समाजाने मात्र त्यांना जपले, आणि शहराने त्यांना एक नाव दिले, काका. या शब्दाकडे लक्ष द्या. बॅरिस्टर, अध्यक्ष, प्रतिनिधी या पदव्या विद्यापीठाने वा सभेने दिल्या. काका ही पदवी लोक देतात, आणि ती नात्याची आहे. आपल्याकडे परका माणूस कधी काका होतो? तो आपल्या अडचणीत घरच्यासारखा धावून येतो तेव्हा. त्यांच्याकडे येणाऱ्यांत आडनावाने बॅप्टिस्टा, डिसोझा किती आणि जाधव, शिंदे, शेख किती, याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. सर्वांच्या तोंडी काकाच.

गेल्या काही वर्षांत आमच्या संघटनेतही एक नवा रोग शिरू पाहतो आहे. सभेला आलेला माणूस आधी विचारतो, पुढारी कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा? त्यावरून पावती फाडायची की नाही ते ठरते. एका गावी तर सभासद दोन ओळींत वेगळे बसले, आणि ठेकेदार लांब उभा राहून हसत होता. मी त्यांना म्हणालो, देवळात जा, विहारात जा, मशिदीत जा, चर्चमध्ये जा, मी आड येणार नाही. पण हजारी बिडीची मजुरी चौघांनाही एकच मिळते आणि छाटही चौघांचीच निघते. त्या दिवशी मी त्यांना काका बॅप्टिस्टांची गोष्ट सांगितली. सगळे पटले असे म्हणणार नाही. दोन बाया मात्र उठून पलीकडच्या ओळीत जाऊन बसल्या.

आपल्या समाजाशी निष्ठा ठेवणे आणि सर्वांसाठी झटणे यांत विरोध आहे, असे आपण उगाच धरून चालतो. बॅप्टिस्टांच्या आयुष्यात तो विरोध दिसत नाही. पाखाडीतल्या शेजाऱ्याची अडचण ज्याला खरोखर कळते, त्याला गिरणीतल्या कामगाराचीही कळते. विरोध येतो तो आपल्या समाजाच्या नावावर स्वतःची सोय पाहिली की.

उन्हाळ्याचे दिवस आहेत. जिल्ह्यात तेंदूपानांची तोडणी चालू आहे आणि पहाटे उठून रानात गेलेल्या बायांपैकी काही या सभेत मागे बसल्या आहेत. भंडाऱ्याहून आलेल्या मंडळींना वैनगंगेचा पूल ओलांडून परतायचे आहे. तेव्हा आवरते घेतो. शेवटी दोनच विनंत्या. मुंबईला गेलात तर माझगावच्या त्या बागेत जरूर जाऊन या. आणि घरी गेल्यावर आपल्या आईच्या, बहिणीच्या ओळखपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख तपासा. चूक असली तर संघटनेच्या कचेरीत आणून द्या. रविवारी सकाळी मी तेथे असतो.